खरखरेकाकांचा माइक

खरखरे हे त्यांचं आडनाव नव्हे. अँब्युलन्सचे वायरलेस सेट दुरुस्त करणाऱ्या या माणसाच्या खोलीतून दिवसभर खरखर ऐकू यायची, म्हणून ड्रायव्हरांनी ठेवलेलं ते नाव. ते इतकं रुळलं की नव्या कारकुनाने रजेच्या रजिस्टरात तेच लिहिलं आणि काकांनी मुकाट्याने त्यापुढे सही केली. मी शेजारच्या कंट्रोल रूममध्ये बसते. बत्तीस गाड्यांना कुठे जायचं ते सांगणं माझं काम, आणि माझा आवाज त्यांच्यापर्यंत पोहोचवणं काकांचं.

त्या सोमवारी साहेबांनी काकांच्या टेबलावर तीन माइक ठेवले. सगळ्या गाड्यांसाठी टिकाऊ असा एक शुक्रवारपर्यंत निवडा आणि सही करा, म्हणाले. तिन्ही मुठीत मावणारे, बाजूला बोलायचं बटण, समोर फोनसारखे आकडे. आमचे ड्रायव्हर निम्मं बोलणं आकड्यांवरच उरकतात. एक म्हणजे निघालो, दोन म्हणजे पोहोचलो. एका माइकचे आकडे गुळगुळीत, दुसऱ्याचे रबरी आणि फुगीर, तिसरा नुसता धोंडा. दुसरा कोणी असता तर दहा मिनिटांत सही ठोकून जेवायला गेला असता. काकांना घास गिळवेना, कारण आधीचा माइकही त्यांनीच निवडला होता.

सहा महिन्यांपूर्वी भर दुपारी त्यातल्या एका माइकचं बटण दाबलेलंच राहिलं. असं झालं की बाकी कोणाला बोलता येत नाही; ज्याचं बटण दाबलेलं, त्याचंच सगळ्यांना ऐकू येतं. हा पठ्ठ्या रिकामी गाडी घेऊन परतत होता आणि मजेत गात होता. अकरा मिनिटं आम्ही सगळ्यांनी त्याचं गाणं ऐकलं. पहिली दोन मिनिटं मी चक्क हसले, हे सांगायची आजही लाज वाटते. मग त्याला फोनवर फोन लावत बसले. त्याच वेळी चौदा नंबरची गाडी एकाच नावाच्या दोन गल्ल्यांपैकी भलत्याच गल्लीत उभी होती. तिच्या ड्रायव्हरला माइकवर गाणं ऐकू येत होतं आणि फोनवर माझी लाइन गुंतलेली. ज्याला आणायला ती निघाली होती, तो परांचीवरून पडलेला रंगारी वाचला नाही. डॉक्टर म्हणाले, तसंही कठीणच होतं. त्या 'तसंही'ने आमच्यापैकी कोणाचंही समाधान झालं नाही.

चौकशीत 'बटण अडकले' एवढंच लिहिलं गेलं. गाणाऱ्या ड्रायव्हरला सगळे गवई म्हणू लागले, आणि त्याचं गाणं कायमचं बंद झालं. काकांनी तो माइक खोलून शेकडो वेळा बटण दाबून पाहिलं. एकदाही अडकलं नाही. तेव्हापासून हा किडा त्यांचं डोकं पोखरत होता.

आता या तिघांचे त्यांनी हाल हाल केले. फरशीवर आपटले, बादलीत बुडवले, घरी नेऊन साबणाच्या हातांनी आकडे दाबले. काकूंचा मला फोन आला. "अगं, तू तरी समजाव त्यांना. ताटाशेजारी माइक घेऊन बसतात. सवत आणली असती तर निदान भांडता तरी आलं असतं." हे सांगताना त्या हसल्या, पण आवाज रडवेला होता.

गुरुवारी माझाच पारा चढला. टेबलावर आपटून काय कळणार, चालत्या गाडीत बसून बघा, असं मी त्यांना फाडकन सुनावलं. रबरी आकड्यांचा माइक त्यांनी मुद्दाम गवयाच्या गाडीत जोडला. काका पुढे, जेवणाच्या सुट्टीत मी मागे. गाडी फाटकातून निघाली. गवई माइकवर 'निघालो' म्हणाला आणि माइक सरळ मांडीखाली सरकवला.

"तिथे का ठेवलास?" काकांनी विचारलं.

"मग कुठे ठेवू? हूक तिकडे, तुमच्या दाराशी. हात पुरवायचा तर रस्त्यावरची नजर काढावी लागते. आम्ही सगळेच असा ठेवतो, काका."

पहिल्याच खड्ड्यात तो सीटवर जरा सरकला आणि बोलायचं बटण दाबलं की लागणारा सेटवरचा लाल दिवा लागला. लागला तो विझेचना.

"उचल. आधी तो उचल," काका म्हणाले. मांडीखालून माइक निघताच दिवा विझला. गवयाने गाडी कडेला घेतली. काका दाराजवळच्या हुकाकडे बघत राहिले. गाडीत न चढता, दारात उभं राहून सेट खोलता यावा म्हणून सगळ्या गाड्यांचे हूक त्यांनीच तिथे ठोकले होते. चांगला माइक निवडला होता त्यांनी, चूक त्या हुकाची होती.

त्यांनी गवयाच्या हातातून माइक घेतला आणि बटण दाबलं. "सगळ्या गाड्यांना. त्या दिवशी बटण अडकलं नव्हतं. हूक चुकीच्या जागी होता, आणि तो मी लावला होता. मोकळ्या गाड्यांनी एकेक करून वर्कशॉपला या."

गवई स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडला.

संध्याकाळी काकांनी कागदावर रबरी आकड्यांचा माइक लिहून दिला. खाली शेरा मारला: 'हूक ड्रायव्हरच्या हाताशी नसेल तर कोणताही माइक टिकाऊ नाही. आधीचे हूक मी लावले.' दुसरं वाक्य खोडा, नाहीतर चौकशी पुन्हा उघडेल आणि नोकरीवर गदा येईल, असं साहेबांनी परोपरीने सांगितलं. काकांनी ते खोडलं नाही.

त्याआधी, दुपारी, वर्कशॉपला सगळ्यांत पहिली आली ती चौदा नंबर. ड्रायव्हर खाली उतरला आणि काकांसमोर उभा राहिला.

"रंगाऱ्याच्या घरी मी जाऊन आलो होतो," तो म्हणाला. "बटण अडकलं म्हणून सांगितलं त्याच्या बायकोला. आता खरं काय ते तुम्ही जाऊन सांगा."

काकांनी मान हलवली. मी म्हणाले, मीही येते. पलीकडच्या दाराशी जाऊन त्यांनी हुकाचा पहिला स्क्रू सोडवायला घेतला.