गेरूच्या तीन रेघा

आईला शिंगाळ्याचा काटा लागला बुधवारी, आणि मला कळलं रविवारी. मधले चार दिवस आम्ही घाटकोपरच्या एकाच वन रूम किचनमध्ये राहत होतो, एकाच पातेल्यातलं जेवत होतो. तरी कळलं नाही. ह्यात माझं दुर्लक्ष किती आणि तिची लबाडी किती, ह्यावर आमच्या घरी अजून एकमत झालेलं नाही.

शिंगाळा हा मासा मेला तरी वैर सोडत नाही. त्याच्या डोक्यामागचे काटे करवतीसारखे असतात आणि ते बाहेर येताना आत गेले त्याहून जास्त मांस फाडतात. आईला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आधी मालवणजवळच्या गावात, मग बाबा गिरणीत होते तेव्हा लालबागच्या चाळीत आणि गिरणी बंद पडल्यावर इथे, अशी तिने आयुष्यभर मच्छी साफ केली आहे. त्या बुधवारी मासा हातातून निसटला आणि काटा उजव्या पायाच्या अंगठ्यामागे घुसला. तिने तो उपटला, वर हळद दाबली आणि त्याच माशाचं तिखलं केलं. रात्री जेवताना 'आज झकास झालंय' असं मीच म्हणाले होते.

तिला डायबेटिस आहे. रोज गोळी घेते, पण गोळी घेतली की दोन पेढे खायला हरकत नाही असा तिचा समज आहे. अशा माणसाच्या पायात काटा जाणं म्हणजे काय, हे मला कळायला हवं होतं, कारण मी अंधेरीच्या एका लॅबमध्ये रक्ताचे रिपोर्ट टाइप करते. कोणाचं काय वाढलंय आणि कोणाचं काय घटलंय ते मला दिवसभर कळत असतं, फक्त परक्यांचं.

शुक्रवारी पाय लाल झाला, ठणकायला लागला. आईच्या गावात ह्याला धावरं म्हणतात, कारण ती लाली धावत वर चढते. त्यावरचा उपायही गावचाच. तुळशीची कुंडी रंगवायला आणलेला गेरू घरात असतोच. तो पाण्यात कालवायचा, लालीवर फासायचा आणि जिथे लाली संपते तिथे पायाभोवती गेरूचीच एक जाड रेघ ओढायची. त्या रेघेच्या वर जायची धावऱ्याला मनाई. शुक्रवारी रेघ घोट्यावर होती. शनिवारी धावऱ्याने ती ओलांडली, म्हणून आईने पोटरीवर दुसरी ओढली. रविवारी पहाटे तिसरी, गुडघ्याच्या खाली चार बोटं. आणि ह्या सगळ्यावर पायघोळ गाऊन.

रविवारी सकाळी चहा पिताना तिच्या हातातली बशी वाजायला लागली. कपाळाला हात लावला तर चटका बसला. कुठे दुखतंय विचारलं तेव्हा तिने दोनदा 'खंय काय' म्हणून उडवून लावलं आणि तिसऱ्यांदा मी गाऊनच वर केला. गुडघ्यापर्यंत पाय विटेच्या रंगाचा, त्यावर तीन कडी. क्षणभर मला कळेचना मी काय बघतेय. ती म्हणाली, धावरं आहे, उतरेल, रेघ मारलीय.

मी भडकले. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही, पण 'अडाणी' हा शब्द त्यात होता. नवऱ्याला रिक्षा बघायला खाली पिटाळलं आणि आईला मोरीत स्टुलावर बसवून पाय धुवायला घेतला. गेरू काही सहज निघत नाही. साबण लावला, मग अंग घासायची जाळी घेतली आणि घासघास घासलं. घाई होती हे खरं, पण खरं कारण वेगळं होतं. आमच्या लॅबमध्ये कधी कोणी पायाला पाला बांधून किंवा दंडाला लेप लावून आलं की आम्ही मुली एकमेकींकडे बघून हसतो. मीही हसते. डॉक्टरसमोर तसा पाय घेऊन जायची मला लाज वाटत होती. आई भिंतीला धरून गप्प बसली होती. पाय स्वच्छ झाला तेव्हा मला बरंसुद्धा वाटलं.

जवळच्या नर्सिंग होममध्ये रविवारचे ड्यूटी डॉक्टर होते. त्यांनी पाय पाहिला आणि विचारलं, एवढं कशाने घासलंय? मी म्हटलं, साबणाने, माती लागली होती. ते म्हणाले की घासून घासून तुम्हीच कातडी लाल केलीय, थोडी सूज आहे, गोळ्या लिहून देतो, उद्या सर्जन येतील त्यांना दाखवा. तापाचीही गोळी दिली. आता वाटतं, त्या माणसाला मी दोष कुठल्या तोंडाने देऊ? पाय मी घासलेला, माहिती मी गाळलेली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, तो बैल त्या दिवशी माझ्या दारात उभा होता.

बाहेर येऊन रिक्षात बसलो आणि आईला थंडी भरली. दात वाजत होते, मान माझ्या खांद्यावर पडली होती आणि ती बाबांशी बोलायला लागली. बाबांना जाऊन अकरा वर्षं झालीत. माझा नवरा फार बोलणारा माणूस नाही. त्याने रिक्षावाल्याला घराकडे नको, म्युनिसिपालिटीच्या मोठ्या हॉस्पिटलला घे म्हणून सांगितलं. मला वाटतं लग्नानंतर त्याने माझ्या आईसाठी केलेली ही सगळ्यात मोठी गोष्ट, आणि ती त्याने एका वाक्यात केली.

कॅज्युअल्टीत पाय ठेवायला जागा नव्हती. नवरा केसपेपरच्या रांगेत लागला, आईला मी बाकावर आडवं केलं. समोर एकाचं डोकं फुटलेलं, बाजूला कोणी छातीला हात धरून बसलेला. ह्या सगळ्यांच्या पुढे माझ्या आईचा लाल पाय कोण नेणार? तासाभराने सर्जरीची रेसिडेंट आली, माझ्या भाचीच्या वयाची, डोळे तारवटलेली. तिने पाय दाबून पाहिला, ताप पाहिला, साखर तपासली आणि विचारलं कधीपासून आहे. मी म्हटलं, दोन दिवसांपासून.

"दोन दिवसांपूर्वी कुठपर्यंत होतं? आज सकाळी कुठपर्यंत होतं?" तिने विचारलं. "किती वेगाने वर चढतंय ते मला कळायला हवं. वॉर्डात बेड नाहीये. सीनियरला नीट काही सांगता आलं तरच मी ह्यांना लगेच वर नेऊ शकते."

मला काय माहीत कुठपर्यंत होतं? पायावर जे लिहिलेलं होतं ते मीच सकाळी मोरीत वाहून टाकलं होतं. धाबं दणाणणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

आईचे डोळे मिटलेले होते. मिटल्या डोळ्यांनीच ती म्हणाली, "मी रेघा मारलेलंय बाय. माझ्या चेडवान पुसल्यान."

मग मला सगळं सांगावं लागलं. गेरू, धावरं, तीन कडी, घासणी, नर्सिंग होममध्ये मारलेली मातीची थाप. सांगताना मान वर होत नव्हती. ती मुलगी हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही. तिने खिशातलं पेन काढलं आणि आईच्या पायाशी बसली.

"आजी, रेघा कुठे कुठे होत्या ते बोटाने दाखवा."

आईने दाखवलं. शुक्रवार इथे, शनिवार इथे, आज पहाटे इथे. एकही जागा चुकली नाही. नीट पाहिलं तर लवेच्या मुळाशी तांबूस खुणा अजून होत्याही. घासल्याची लाली एव्हाना गेली होती आणि खाली जे राहिलं होतं ते तुकतुकीत, ताणलेलं, गरम, गुडघ्याच्या वर पोचलेलं. डॉक्टरने तिन्ही ठिकाणी पेनाने खूण केली, चौथी रेघ मांडीवर लालीच्या कडेने ओढली आणि शेजारी वेळ लिहिली. म्हणाली, आम्हीही हेच करतो, आजींनी आमचं काम दोन दिवस आधीच सुरू केलं होतं. फक्त औषध नव्हतं.

वीस मिनिटांनी ती परत आली तेव्हा लाली पेनाच्या रेघेच्या बोटभर वर गेली होती. त्यानंतर कोणी आम्हाला थांबा म्हणालं नाही. तिने फोनवर सीनियरला चारही जागा आणि चारही वेळा घडाघडा सांगितल्या. स्ट्रेचर आलं, दोन्ही हातांना सलाईन लागलं, ॲंटिबायोटिक सुरू झालं. रक्ताचा रिपोर्ट माझ्या हातात आला. पांढऱ्या पेशींचे असे आकडे टाइप करताना मी शेजारच्या मुलीला 'हा काही खरा नाही' असं सहज म्हणते. त्या दिवसापासून म्हणत नाही.

ऑपरेशन लगेच करायचं ठरलं. चिरा देऊन पू आणि सडलेला भाग काढायचा, आणि आत जास्त पसरलं असेल तर पाय गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, असं संमतीच्या कागदावर लिहिलेलं होतं. आईने मला तो वाचायला लावला. पायाची ओळ मी घाईत वाचली तर म्हणाली, ती परत वाच. मग शाळकरी अक्षरात पूर्ण नाव लिहून सही केली आणि मला जवळ बोलावून म्हणाली, "पाय काढूचो झालो तर माका उठवू नको सांग तेंका." मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते? पण कोणाला काही सांगितलं नाही.

दोन तास आम्ही दोघं ऑपरेशन थिएटरबाहेरच्या पायऱ्यांवर बसलो. नवऱ्याने वडापाव आणला, तो कोणी खाल्ला नाही. मी मनात देवाशी बोलत होते आणि खरं सांगायचं तर त्याला धमक्याच देत होते. सर्जन बाहेर आले तेव्हा मी उठलेही नाही. ते म्हणाले, "पाय आहे. अजून सहा तास गेले असते तर नसता. दोन दिवस लक्ष ठेवू." जीव भांड्यात पडला. एवढ्या मोठ्याने पडला की मी त्या अनोळखी माणसाचा हात धरून कपाळाला लावला, आणि तेही बिचारे अवघडून उभे राहिले.

पहिली रात्र आईने वॉर्डात जमिनीवरच्या गादीवर काढली, दुसऱ्या दिवशी खिडकीजवळचा बेड मिळाला. ती रेसिडेंट रोज सकाळी येऊन नवी रेघ ओढायची. रेघा आता खाली उतरत होत्या. मंगळवारी गुडघ्याखाली, गुरुवारी पोटरीच्या मध्यावर. वॉर्डातल्या बायका आईला त्याबद्दल विचारायच्या आणि ती त्यांना पायाचा नकाशा समजावून सांगायची. साखर आटोक्यात आली, ताप गेला आणि आईने हॉस्पिटलच्या डाळीला नावं ठेवली, तेव्हा मी नवऱ्याला फोन करून सांगितलं की आता काळजी नाही.

त्याच दुपारी मी तिची वेणी घालत होते. तिची पाठ माझ्याकडे होती म्हणून मला बोलता आलं. म्हटलं, चुकले मी, तुला अडाणी म्हणाले. ती म्हणाली, "तू घासत होतंस तेव्हा माझो जीव जात होतो. पण तुका लाज वाटत होती. म्हणान गप ऱ्हवलंय." रागाने नाही म्हणाली, नुसतं सांगितलं. मी वेणीचा शेवटचा पेड तीनदा घातला आणि तीनदा सोडला. तिने दुखणं चार दिवस लपवलं आणि मी ते पुसून टाकलं. आम्ही मायलेकी कुठल्या बाबतीत सारख्या आहोत ते मला तेव्हा कळलं.

सहाव्या दिवशी डॉक्टर म्हणाली, आज चालून बघा. आईने दोन्ही पाय जमिनीवर टेकले, बँडेजवाला आधी जरा जपून. मी दंड धरला तर तिने माझा हात काढला. बेडच्या कडा, भिंत, मग दाराची चौकट असं धरत ती वॉर्डाच्या टोकाच्या बाथरूमपर्यंत स्वतःच्या पायांनी गेली आणि आतून कडी घातली. मी बाहेर उभी राहिले. नळ सुरू झाला, बादली सरकली, तांब्या वाजला. मग एकदम काहीच ऐकू येईना. मी दार वाजवलं. परत वाजवलं.

"जिवंत आसंय गो," आतून आवाज आला. "जरा दम धर."

सावकाश कर, म्हटलं मी. आणि दाराला पाठ टेकून, त्या फिनेलच्या वासात, पोटभर रडून घेतलं.