मशीनच्या नळीचं पाणी

गेल्या वर्षी जुलैच्या पहिल्या आठवड्यात माझ्या पुतणीचे वरचे पुढचे दोन दात पूर्ण बाहेर आले. दोन्ही दातांवर आडव्या तपकिरी रेषा होत्या. ती तेव्हा सात वर्षांची होती, आणि तिच्या जन्माच्या महिनाभर आधीपासून घरात पाणी शुद्ध करणारी मशीन चालू होती.

घर पांढरकवड्याजवळच्या एका गावात आहे. तिथे आई, धाकटा भाऊ, भावजय आणि ही मुलगी राहतात. मी यवतमाळला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम करतो. महिन्या-दोन महिन्यांनी गावी जातो.

आमच्या पाण्यात फ्लोराइड आहे हे आम्हाला उशिरा कळलं. ते दिसत नाही, त्याला वास नाही, चव नाही. खडकातून ते पाण्यात उतरतं आणि माणसाच्या दातांत, हाडांत साठत जातं. शेवटच्या काही वर्षांत वडिलांची मान वळत नव्हती. मागून कोणी हाक मारली तर ते पायापासून अख्खे वळत. आम्ही त्याला संधिवात म्हणत होतो. ते गेल्यानंतर तपासणीवाले आले आणि शाळेजवळचा हातपंप लाल रंगवून गेले. लाल रंग म्हणजे हे पाणी पिऊ नका. आमच्या अंगणातली बोअर त्या पंपापासून हाकेच्या अंतरावर आहे.

भावजयीला आठवा महिना सरला तेव्हा भावाने मशीन घेतली. बसवायला पांढरकवड्याचा मेकॅनिक आला. त्याचं मूळ काम पाण्याच्या जळालेल्या मोटारी बांधण्याचं. पाण्याच्या मशीन वाढल्या तसा तो तिकडे वळला. त्या दिवशी मी गावीच होतो. मशीन भिंतीवर लावून त्याने आईला सगळं दाखवलं. इथून पाणी आत जातं, इथून प्यायचं येतं, आणि ह्या बारीक नळीतून उरलेलं बाहेर पडतं.

"मावशी, कॅन्डल सहा महिन्यानं बदला लागन. मेम्ब्रेन वर्षा-दीड वर्षानं," तो म्हणाला. "ही मशीन म्हंजे जावई हाय. येळेवर मानपान करा लागते."

"जावई तरी एखांद्या साली रुसते अन् येत नाई," आई म्हणाली.

मशीन एक घागर चांगलं पाणी देते तेव्हा दोन घागरी नळीतून जातात. हा हिशोब आईला पहिल्या दिवसापासून मान्य नव्हता. आमच्याकडे एप्रिल लागला की बोअर थांबून थांबून पाणी देते. तिने उभी हयात डोक्यावर पाणी आणलं आहे. नळीचं टोक मेकॅनिकने मोरीत सोडलं होतं.

पुढची वर्षं मशीनच्या तारखांनी चालली. कॅन्डल, मग कार्बन, मग मेम्ब्रेन, एकदा पंप, दोनदा अ‍ॅडॉप्टर. आमचं पाणी जड, म्हणजे क्षारांचं आहे, त्यामुळे मेम्ब्रेनच्या गाळणाऱ्या पडद्यावर पांढरी साय धरते आणि मेम्ब्रेन सांगितलेल्या मुदतीआधी जाते. सुरुवातीला खर्च भाऊ करत होता. तिसऱ्या वर्षापासून मी करू लागलो. मशीनच्या किमतीइतके पैसे तिच्या देखभालीत केव्हाच गेले होते. मेकॅनिक आला की आई त्याला चहा देई आणि विचारी, "काय बाप्पा, जावयाचं काय दुखून राह्यलं आता?" तो पेनासारखं यंत्र पाण्यात बुडवून आकडा दाखवी. ते यंत्र पाण्यातले एकूण क्षार मोजतं. फ्लोराइड मोजत नाही. हे मला नंतर कळलं.

पुतणी दीडेक वर्षांची असताना एका उन्हाळ्यात आमच्या वर्तमानपत्रात पाणी वाचवण्याच्या उपायांची चौकट छापून आली. ती मी केली होती. मशीनचं वाया जाणारं पाणी वापरात आणा, असा त्यात एक मुद्दा होता. त्याच आठवड्यात आईचा फोन आला आणि बोअर आटल्याचं ती सांगू लागली.

"मंग नळीचं पाणी सोडून नको देऊ," मी म्हणालो. "वापरत जा."

"वापरतोच आहो ना मी," ती म्हणाली. "तू पेपरात छापाच्या आधीपासून."

कशासाठी वापरतेस, हे मी विचारलं नाही. फरशी आणि भांडी, असं मी धरून चाललो.

रेषा दिसल्यावर पुतणीला यवतमाळला आणलं. आईही आली. दातांच्या डॉक्टर बाईंनी आरशाने पाहिलं, गाव विचारलं आणि लगेच फ्लोराइडचं नाव घेतलं. भावाने सांगितलं की मुलगी जन्मापासून मशीनचं पाणी पिते. डॉक्टरांनी स्वयंपाकाचं पाणी विचारलं.

"ते बी मशीनचंच," आई म्हणाली.

डॉक्टर म्हणाल्या की हे दात आता बाहेर आले असले तरी ते हिरडीच्या आत बनले ते मुलगी दोन-तीन वर्षांची होईपर्यंत. त्या काळात फ्लोराइड पोटात गेलं असणार. रेषा पुसल्या जाणार नाहीत. मोठी झाल्यावर वरून थर चढवता येतो, तोही काही वर्षांनी बदलावा लागतो. मागचे दात आणि दाढा अजून आत बनत आहेत. पाणी तपासून घ्या, असं त्यांनी सांगितलं. पुतणीने विचारलं की ब्रश जोरात घासला तर निघेल का. डॉक्टर नाही म्हणाल्या.

मी दोन बाटल्या प्रयोगशाळेत दिल्या. एक बोअरच्या पाण्याची, एक मशीनच्या तोटीची. बोअरचं पाणी मर्यादेच्या दुपटीच्या वर निघालं. मशीनचं पाणी मर्यादेच्या बरंच खाली होतं. अहवाल बरोबर होता आणि दातही समोर होते. दोन्हींचा मेळ लागत नव्हता. जन्माच्या आधी तिच्या आईच्या पोटातूनच गेलं असेल, असं भावाचं म्हणणं होतं.

ऑगस्टमध्ये मी गावी गेलो. जेवायला बसलो तेव्हा वरणात डाळ अख्खी दिसत होती.

"पाह्य, सहा शिट्ट्या देल्ल्या," आई भावाला म्हणाली. "तुया नव्या बियान्याची तूर कायची शिजते. सोडा टाकला तवा एवढी तरी झाली."

"बियान्याले कायले नावं ठेवतं?" भाऊ म्हणाला. "हेच डाळ म्या सासरवाडीले देल्ली. त्याईच्या घरी तीन शिट्ट्यात लोनी होते."

"तुया सासरवाडीची शिट्टीच मोठी असन."

भावजय हसली. भाऊही हसला. मी विचारलं, हे किती दिवसांपासून आहे. आई म्हणाली, सहा वर्षं तरी झाली. तेव्हापासून बियाणं दोनदा बदललं.

डाळ जड पाण्यात शिजत नाही. जेवण झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. मशीनची बारीक नळी मोरीत नव्हती. ती ओट्यावरच्या मोठ्या स्टीलच्या गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात, सोडलेली होती. गंजावर झाकण होतं आणि झाकणात नळीपुरतं भोक पाडलेलं होतं. आईने त्यातून तांब्या भरला आणि दुसऱ्या दिवशीच्या उसळीचे हरभरे भिजत घातले.

मी विचारलं की स्वयंपाकाला हेच पाणी घेतेस का.

"मंग? मशीनमदून निंगालं ना ते बी," ती म्हणाली. "चोख हाय, पाह्य. पेयाले तोटीचं, रांधाले नळीचं. एवढं पानी मोरीत सोडाचं म्हंजे काय."

पुतणीला सहाव्या महिन्यापासून मऊ भात, वरणाचं पाणी, नाचणीची पेज त्याच गंजातल्या पाण्यात करून दिली जात होती. चहाही त्याच पाण्याचा होता. डॉक्टरांना आईने दिलेलं उत्तर तिच्या मते खरं होतं.

तिसरी बाटली मी गंजातून भरून नेली. मशीन जेवढं फ्लोराइड पाण्यातून काढते तेवढं नळीच्या पाण्यात जातं. त्या बाटलीतलं प्रमाण बोअरच्या पाण्यापेक्षा जास्त निघालं. प्रयोगशाळेतल्या माणसाने सांगितलं की हे जनावरांनाही पाजू नका.

अहवाल मी गावी नेऊन वाचून दाखवला. आईने एकच प्रश्न विचारला.

"बोअरच्या पान्यापेक्षा बी जास्त?"

मी हो म्हणालो. ती उठली, गंज उचलून मोरीत ओतला आणि बाहेर जाऊन बसली. बियाण्यावरून ती भावाला पुन्हा काही बोलली नाही. मेकॅनिक पुढच्या वेळी आला तेव्हा त्याने सांगितलं की नळी मोरीतच ठेवा असं त्याने बजावलं होतं. आईला आठवतं ते असं की, पाणी फुकट जाऊ नका देऊ, असं तोच म्हणाला होता. मशीन बसवली त्या दिवशी मी तिथे होतो. मला दोन्ही वाक्यं आठवत नाहीत. मला माझं फोनवरचं वाक्य आठवतं.

त्यानंतर घरात सगळं रांधणं तोटीच्या पाण्यात होऊ लागलं. डाळ तीन शिट्ट्यांत शिजते. पूर्वी मशीन दिवसाला दोन घागरी पाणी देत होती. आता पाच लागतात, म्हणजे दहा नळीतून जातात. त्यातलं थोडं फरशीला आणि संडासाला लागतं, बाकीचं मोरीत. जी मेम्ब्रेन वर्षभर टिकत होती ती पाच महिन्यांत गेली. मेकॅनिकने काढलेली जुनी मेम्ब्रेन मी हातात घेऊन पाहिली. चुना लावल्यासारखी होती.

दुसरे मार्ग मी पाहिले. पांढरकवड्याहून थंड पाण्याचे जार येतात. जारवाल्याला मी पाण्याचा स्रोत विचारला. त्याने स्वतःच्या बोअरकडे बोट दाखवलं आणि फ्लोराइडचं विचारल्यावर तेच पेनासारखं यंत्र बुडवून दाखवलं. भावाने पावसात टिनाच्या छपराखाली ड्रम लावले. ते पाणी दिवाळीपर्यंत पुरलं. नळयोजनेची टाकी गावात उभी आहे, आमच्या दारापर्यंत पाइप आलेला आहे, पाणी आलेलं नाही.

मुलीला यवतमाळला माझ्याकडे ठेवू, असं मी सुचवलं. भावजय म्हणाली, "भाऊजी, दातापायी तिले घेऊन जासान. पन तिची माय इथंच राह्यते ना." हा विषय पुन्हा निघाला नाही.

फेब्रुवारीत बोअरची धार बारीक झाली. मी भावाला फोन करून सांगितलं की मेम्ब्रेन दर चार महिन्यांनी बदलू, दुसरी मशीन लावू, पैशांची काळजी करू नको.

"भाऊ, पैसे तू पाठवशीन," तो म्हणाला. "पानी कोन पाठवन?"

गायीला पाणी दाखवायचं आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

मार्चअखेर बोअर दिवसाआड चालू लागली. मशीनला पंधरा घागरी देणं शक्य राहिलं नाही. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात भावजयीचा फोन आला. सासूबाई मशीनच्या पाण्याला हात लावत नाहीत, असं तिने सांगितलं. समजावून पाहिलं, ऐकत नाहीत. रविवारी मी गावी गेलो.

ओट्याखाली दोन माठ होते. मोठ्या माठात मशीनचं पाणी होतं. त्यातून पुतणी, भाऊ आणि भावजय पितात आणि त्यातूनच मुलीचं वरण-भात होतं. लहान माठ आईचा होता. ती आता उठताना भिंतीला हात लावते आणि मान वळवताना खांदाही वळवते. मी लहान माठाचं झाकण काढून विचारलं, हे कुठलं पाणी.

"बोअरचं," ती म्हणाली. "मले आता कोन्ते दात येनार हायेत."

मी मोठ्या माठातून पेला भरून तिच्या हातात दिला. तिने तो मुलीच्या दप्तरातल्या बाटलीत ओतला, बाटलीचं झाकण घट्ट लावलं आणि लहान माठातून स्वतःसाठी पाणी घेतलं.