सगळ्या घरांचा एकच विणकर

आमच्या मागच्या खोलीत राहणाऱ्या काकाजींइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या भंडारा जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि सरकारी घरांच्या बाबतीत त्यांच्याइतकी फसवाफसवी केलेला माणूसही दुसरा झाला नाही. या दोन गोष्टी एकाच माणसात इतकी वर्षं भांडणतंटा न करता कशा नांदल्या, हे मला आजवर कळलेलं नाही. काकाजींना तर त्यात कळण्यासारखं काही आहे असंच वाटत नसे.

काकाजी आमचे कोणी लागत नव्हते. माझ्या वडिलांच्या तरुणपणी ते दिघोरीकडून विणायला म्हणून आमच्या गावात आले आणि वडिलांच्या दुसऱ्या मागावर जे बसले ते बसलेच. गावाच्या टोकाला विणकरांसाठी सरकारनं बांधलेल्या घरांची एक रांग आहे, त्यातलं पहिलं घर आमचं. भाडं नावापुरतं आणि अट एकच, घरात हातमाग चालू पाहिजे. माग बंद तर घर परत. म्हणजे घर खरं मागाला दिलेलं. माणसानं आपलं त्याच्या सोबतीला राहायचं. वाटप झालं तेव्हा काकाजींनीही अर्ज केला होता. पण घरं कुटुंबांना द्यायची होती आणि काकाजी एकटे. साहेब म्हणाला, लग्न करून या. मुलीकडचे म्हणाले, आधी घर दाखवा. काकाजी दोन्हीकडे इमानदारीनं जाऊन आले, दोघांचंही म्हणणं त्यांना रास्त वाटलं, आणि ते आमच्या मागच्या खोलीत परत येऊन विणू लागले. पोटभाडेकरू ठेवणं नियमात बसत नव्हतं. वडिलांनी त्यांना बजावून ठेवलं होतं, की कोणी विचारलं तर पाहुणा आहे म्हणायचं. काकाजी म्हणाले, "पाहुना तं जाते. मी कुठी जाऊन राहिलो?" भाड्यापोटी ते दर दिवाळीला स्वतः विणलेला एक पंचा देत. आमच्याकडे इतके पंचे साठले, की आईनं त्यांच्या गोधड्या शिवल्या आणि आमचा पाहुणा आंघोळीला निघाला की त्याला दोन पंचे मिळत, एक अंगाला आणि एक सोबत न्यायला.

खरं बोलणं हा त्यांचा बाणा नव्हता, ती त्यांची खोड होती. शेजारच्या वहिनींनी मोठ्या हौसेनं पाटवडीची भाजी पाठवली आणि संध्याकाळी विचारलं, "कशी झाली होती जी भाजी?" काकाजी म्हणाले, "कुत्र्याले देल्ली. त्यानं खाल्ली." यात त्यांच्या मते तक्रार नव्हती, उलट त्यानं खाल्ली हे ते कौतुकानं सांगत होते. वसाहतीतल्या एका मुलाची चौकशी करायला अड्याळहून मुलीकडचे आले, तेव्हा नेमके काकाजी ओट्यावर बसलेले. "पोरगा काय करते?" "झोपते," काकाजी म्हणाले, आणि मुलाच्या आईकडे पाहून मायेनं पुस्ती जोडली, "पन उठल्यावर सभावानं चांगला हाय." तेव्हापासून कोणाकडे पाहुणे येणार असले की त्यांना नाकाडोंगरीला माझ्या मावशीकडे पाठवत. एकदा गावानं जुना विणकर म्हणून त्यांचा सत्कार केला. पुढाऱ्यानं शाल पांघरली. काकाजींनी तिचा काठ दोन बोटांत धरून चोळला, उजेडाकडे धरून पाहिला आणि माइकवर सांगितलं, "हे हातमागाचं नोहोय." टाळ्या वाजल्या, पण थोड्या उशिरानं वाजल्या.

दुसरी खोड तुटलेल्या धाग्याची. मागावर धागा तुटला, की तो जोडल्याशिवाय काकाजी उठत नसत. घरात साप निघाला होता तेव्हासुद्धा नाही. "त्याले म्हना, थांब," एवढंच म्हणाले. सापही थांबला म्हणतात, पण हे सांगणारी माझी आई होती आणि ती काकाजींइतकी खरं बोलत नसे.

हळूहळू जुने विणकर गेले. माझे वडीलही गेले. त्या विणकरांच्या मुलांपैकी एकानं मोबाइलचं दुकान काढलं, एक ऑटो चालवू लागला, एक शिकवण्या घेऊ लागला, आणि मी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसलो. माग मात्र सगळ्यांच्या घरात उभे होते, कारण त्यांच्याच नावावर आम्ही राहत होतो. ऑटोवाल्याच्या मागावर पापड वाळत, शिकवणीवाल्याच्या मागाला मुलं दप्तरं टांगत. लहानपणी मीही थोडंफार विणायला शिकलो होतो, पण काकाजींनी माझं कापड पाहून वडिलांना सांगितलं होतं, "याले नोकरीले लावा." म्हणजे विणणारा माणूस वसाहतीत एकच उरला, आणि घर नसलेला माणूसही तोच.

तरी दर वर्षीच्या तपासणीत प्रत्येक घरातला माग चालू असे. कसा, ते आता सांगायला हरकत नाही. घरांची पुढची दारं रस्त्यावर आणि मागची दारं एका अरुंद बोळात. साहेब आमच्या ओट्यावर चहा घेत बसला, की आत काकाजी विणत. साहेब उठला, की काकाजी मागच्या दारानं निघून शेजारच्या घरात. तिथं चिवडा. तोवर पुढच्या घरात माग सुरू. तिथल्या आजी साहेबाला धरून आपल्या गुडघ्यांची हकिकत सांगत. शेवटच्या घरापर्यंत साहेबाला इतकं खायला आणि ऐकायला मिळालेलं असे, की तो दारातूनच "चालू आहे, चालू आहे" म्हणून परत फिरे. एक साहेब जरा चौकस निघाला. तो प्रत्येक घरात आत डोकावला आणि शेवटी म्हणाला, "तुमच्या वसाहतीतल्या विणकरांच्या पाठी अगदी सारख्या दिसतात हो." शिकवणीवाला म्हणाला, "धंदा एकच ना साहेब. पाठीला वळणही एकच पडतं." साहेबानं मान डोलावली.

यात आपण काही लबाडी करतो हे काकाजींनी कधी कबूल केलं नाही. "मी तोंडानं काही बोललो का? माग वाजला, सायबानं आयकला." आणि माग नुसता वाजवून भागवणाऱ्यांतले ते नव्हतेच. प्रत्येक घरात ते खरोखर बोट-दोन बोटं कापड विणत, आणि उठताना घरच्यांना झापत, "तान्यावर पापड कायले घालता? तेलकट झाला ना तो!"

मला खटके ते शेवटचं घर. त्याचा मालक नागपूरला स्वतःच्या दुमजली घरात राही. इकडे वर्षभर कुलूप. तपासणीच्या दिवशी तो जुनी पँट घालून, देवाची तसबीर पिशवीत घालून येई, ती खिळ्याला टांगे आणि साहेब गेला की परत पिशवीत घालून घेऊन जाई. त्या घरातही काकाजी जाऊन विणत. एकदा मी चिडून म्हणालो, "काकाजी, ते घर तुमच्यासारख्याला मिळायला पाहिजे. तुम्हीच ते त्याला वाचवून देता!" काकाजींनी आधी हातातली गाठ मारून घेतली. मग म्हणाले, "मागाचा काय गुन्हा हाय, बाबू? सालात एक दिवस वाजू दे ना त्याले." आपल्याला घर का मिळत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. मला त्या दिवशी त्यांचा राग आला आणि रात्री जेवताना त्यांच्या ताटात आईनं वाढलेली जास्तीची पोळी पाहून तो गेला.

मग एका वर्षी नव्या मॅडम आल्या. चहा घेत नाही म्हणाल्या. चिवडाही नको म्हणाल्या. आजींच्या गुडघ्यांवर त्यांनी एका वाक्यात औषध सांगितलं. तिसऱ्या घरात काकाजींचा धागा तुटला होता, आणि तुटलेल्या धाग्याचं मी सांगितलंच आहे. मॅडम त्यांच्या पाठीमागे येऊन उभ्या राहिल्या तेव्हा ते गाठ मारत होते.

"थांबा जी बाई, जोडू द्या," काकाजी म्हणाले. मॅडम थांबल्या. मग त्यांनी विचारलं, "तुम्ही इथे राहता?"

"नाही. पयल्या घरच्या मागच्या खोलीत. पोटभाडेकरू हावो मी."

आम्ही दारात उभे होतो ते भिंतीला टेकलो.

"मग पहिल्या घरात कोण विणत होतं?"

"मीच."

"आणि दुसऱ्या?"

"तथंही मीच."

"या वसाहतीत विणकर आहेत तरी किती?"

काकाजींनी नीट विचार केला. "मले धरून एक," ते म्हणाले.

आता सगळे रस्त्यावर येणार असं आम्ही धरून चाललो. ऑटोवाल्यानं सामान न्यायला ऑटो घरचीच आहे म्हणून समाधान मानलं. पण मॅडमनी जे केलं त्याला नाव ठेवायला जागा नव्हती. जे विणत नाहीत त्यांनी सवलत सोडून इतरांसारखं भाडं भरायचं. कुलूप लावलेलं घर परत घ्यायचं आणि ते विणणाऱ्याला द्यायचं. कुटुंबाची अट आता राहिली नव्हती. काकाजींचा अर्ज मॅडमनी समोर बसून स्वतः भरून घेतला आणि कुटुंबाच्या रकान्यात आपल्या हातानं "एकटे" असं लिहिलं. नागपूरचा मालक येऊन ओरडून गेला. काकाजी त्याला म्हणाले, "तुमचा माग लय चांगला हाय जी. तुम्ही नाही आले तरी चालते तो."

घर मिळाल्यावर काकाजी आनंदानं काही दिवस माणसात राहिले नाहीत. त्या घरावरून जाणाऱ्या प्रत्येकाला ते आत बोलवत, मग तो दूधवाला असो की लाइटचं मीटर पाहणारा. एकदा भर दुपारी ते बसस्थानकावर माझ्या खिडकीशी आले. मला वाटलं कुठे गावाला निघाले. तर म्हणाले, "काही नाही, बाबू. घरी जाऊन राहिलो." एवढं सांगायला ते तिथवर आले होते. सांगून झाल्यावर घरी गेले. आमची मागची खोली मात्र ओस पडली. मागाच्या आवाजाशिवाय दुपारची झोप लागत नाही, अशी आई रोज तक्रार करू लागली.

वर्ष भरायच्या आत तलावाच्या पाळीवरून त्यांची सायकल घसरली. उजवा खांदा गेला. डॉक्टर म्हणाले, पूर्वीसारखा हात वर जाणं अवघड आहे. माग बंद पडला. इतरांसारखं भाडं भरणं काकाजींच्या आवाक्यातलं नव्हतं. तपासणी आली तेव्हा मी आदल्या संध्याकाळी त्यांच्याकडे गेलो, तर खाटेवर कपड्यांचं गाठोडं बांधून ठेवलेलं आणि त्यावर घराची किल्ली.

"हे काय, काकाजी?"

"माग बंद हाय. बाई येतीन तं किल्ली देऊन टाकतो."

"हात बरा होतोय म्हणून सांगा ना."

"होऊन नाही राहिला ना, बाबू."

मला भयंकर राग आला. साऱ्या वसाहतीची घरं या माणसानं वर्षानुवर्षं सांभाळली, आणि स्वतःच्या एका घरासाठी एक शब्द वाकवायला तयार नाही! मी म्हणालो, "आमच्यासाठी विणायला येत होतात तेव्हा तोंडानं काही बोलत नव्हतात ना? मग उद्याही बोलू नका. खाटेवर गप्प बसा."

"अन् बाईनं इचारलं तं?"

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकली आणि बोळातून, मागच्या दारानं, त्यांच्या घरात शिरलो. खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलो. इतक्या वर्षांनी पाय खालच्या पट्ट्या शोधत होते आणि आडवं सूत नेणारा धोटा हातात ठरत नव्हता. पुढच्या खोलीत काकाजी खाटेवर बसलेले दिसत होते. माझा ठोका चुकला, की दर वेळी त्यांच्या मानेला झटका बसे.

मॅडम आल्या. ओट्यावरच थांबल्या आणि ऐकू लागल्या. मग त्यांची नजर काकाजींच्या गळ्यात अडकवलेल्या हाताकडे गेली, आणि गाठोड्याकडे.

"काकाजी, आत कोण विणतंय?"

माझा हात थांबला. काकाजींचा हात किल्लीकडे गेला. मी मनात किल्लीचा आवाज ऐकला.

"माहा पोरगा होय," काकाजी म्हणाले.

मॅडमनी वाकून आत पाहिलं. "पाठ काही तुमच्यासारखी वाटत नाही."

"मायवर गेला," काकाजी म्हणाले.

कुटुंबाच्या रकान्यात "एकटे" हा शब्द ज्या बाईनं आपल्या हातानं लिहिला होता, त्या बाईनं पुन्हा एकदा वाकून आत पाहिलं. मग म्हणाली, "बरं. चालू ठेवायला सांगा त्याला." आणि ओट्यावर न बसता निघून गेली.

काकाजी आत आले. मी विणलेलं कापड त्यांनी पाहिलं आणि शेजारी बसून डाव्या हातानं ते सगळं उसवायला घेतलं. मी म्हणालो, "काकाजी, आज तुम्ही खोटं बोललात."

"कोन्तं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

ते उठले, गाठोड्याची गाठ सोडली, त्यातला एक पंचा काढून माझ्याकडे टाकला आणि म्हणाले, "घाम पूस. अन् रविवारी ये, हे असं विनून चालत नाही." मी दर रविवारी जातो. काकाजी आता पूर्ण उसवत नाहीत, अर्धंच उसवतात.