बाबांचं रेझर आणि माझा डबा

दाढीच्या बाबतीत मी घरात बदनाम आहे. बिस्किटांच्या मोठ्या पत्र्याच्या डब्यात माझी रेझरं, ब्रश आणि साबण असतात. एक रेझर जड, एक हलकं, एक नुसतं दिसायला छान. सकाळी त्यातून निवडायला मला वेळ लागतो आणि तोच वेळ मला फार आवडतो. "मले पाहाले आले तवा एवढा इचार केला नव्हता," असं बायको म्हणते.

बाबांचं सगळं उलट. एक रेझर, एक ब्रश, एक साबण. ब्रशची मूठ तडकलेली, तिला दोरा गुंडाळलेला. तुरटीचा खडा झिजून लिमलेटच्या गोळीएवढा झालेला. अंगणातल्या खिळ्याला आरसा टांगायचा आणि दाढी उरकायची, शनिवार सोडून रोज. माझा डबा दिसला की म्हणायचे, "तोंड त एकच आहे बे तुह्यं!"

मागच्या हिवाळ्यात त्यांच्या उजव्या हाताला लकवा मारला. बोलणं शाबूत राहिलं, पण दाढी वाढू लागली. न्हाव्याला घरी बोलावलं, तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. कोणी भेटायला आलं की ते रुमाल हनुवटीवर ओढून घ्यायचे. मला ते बघवेना. शेवटी म्हणालो, "बाबा, मी करून देतो." त्यांनी तोंड माझ्याकडे वळवलं आणि म्हणाले, "कर."

मी हुरळून गेलो आणि डब्यातलं सगळ्यात भारी रेझर काढलं. ते गालाला लागताच बाबांनी मान मागे घेतली.

"हे नाही. माह्यं आण."

त्यांचं रेझर मात्र माझ्या हातात बसेना. कधीतरी पडून त्याचं तोंड जरा वाकडं झालं होतं. इतकी वर्षं ते मूठ तिरपी धरून भागवत होते आणि घरात कुणाला त्याचा पत्ता नव्हता. मी आपलं सरळ धरलं, तर हनुवटीवर रक्ताचा ठिपका आला. त्यांनी डावा हात माझ्या मुठीवर ठेवला आणि रेझर तिरपं केलं.

"अस्सं. आता वरून खाली ये."

त्या हाताखाली मी पार लहान झालो. दाढी झाल्यावर त्यांनी गालावरून तळवा फिरवला आणि "जमलं" म्हणाले. त्या संध्याकाळी पाहुणे आले, तेव्हा रुमाल खुंटीवरच होता.

हळूहळू माझा हात त्या वाकड्या रेझरावर असा काही बसला की पातं बदलून मी स्वतःची दाढीही त्यानंच करू लागलो. डबा कपाटावर गेला. बायकोला तर विश्वासच बसेना. चहा निवायच्या आत दोन्ही दाढ्या उरकायच्या आणि मी गाडी काढून स्टेशनाकडच्या माझ्या दुकानात. मला स्वतःचं मोठं कौतुक वाटायचं.

परवा मी फेस करायला बसलो, तर बाबा म्हणाले, "तुह्या डब्यात साबण होते ना? आज दुसरा आण."

मी बघतच राहिलो. "काऊन बाबा? यानं आग होते का?"

"नाही."

"मंग? आपल्याले त हाच जमते."

"जमते ना." ते आरशाकडे पाहत होते. "पह्यले तुह्या हातावर हात ठेवा लागे. अर्धी सकाळ जवळ बसत जाय तू. आता दाढी फटकन होते, अन् गाडीची किक आयकू येते."

मी गाडीची चावी खिशातून काढून खिडकीत ठेवली, कपाटावरचा डबा खाली घेतला, त्यावरची धूळ पुसली आणि त्यांच्या पुढ्यात उघडला.

"चंदनाचा लावू?"

"थांब," बाबा म्हणाले. "पह्यले सगळे दाखव."