उजव्या बाजूची खुर्ची

मिलिंददादाच्या श्रद्धांजलीचं बॅनर अजून आमच्या चौकात लटकलेलं आहे. शाळेत जाता-येता ते बघावंच लागतं आणि रोज तितकाच संताप येतो. फोटो मीच काढलेला. चेहरा दादाचा, चौकड्याचा शर्टही दादाचाच, पण हातात एक लालभडक इलेक्ट्रिक गिटार, कुठून तरी उचलून चिकटवलेली. मूळ फोटोत त्याच्या मांडीवर त्याची लाकडी गिटार होती. ती कुणाला तरी जुनाट वाटली असणार. शेजारी करीमचाचा बसले होते, त्यांनाही कापून टाकलंय. कापणाऱ्याला घाई होती बहुतेक, कारण दादाच्या उजव्या गुडघ्यावर चाचांची चार बोटं तशीच राहून गेली आहेत. माणूस नाही, मनगट नाही, नुसती बोटं. एवढे लोक त्या बॅनरखालून गेले, पण ही बोटं कुणाची, असं एकानेही विचारलं नाही.

दादा माझा मामेभाऊ. सरकारी कचेरीत कारकून, आणि आमच्या गायन पार्टीचा गिटारवाला. जयंती असो, धम्मचक्र प्रवर्तन दिन असो, जिल्ह्यातल्या गावोगावच्या विहारांपुढे आम्ही गायचो. मी गाणारी, ढोलकीला माझा नवरा, क्लॅरिनेटला करीमचाचा आणि मधोमध दादा. बातमी आली तेव्हा मी वर्गात शिकवत होते. वहिनीचा फोन सारखा वाजत होता म्हणून बाहेर येऊन घेतला. "ताई, हे उठंनात," एवढंच ती म्हणाली. रजा टाकून घरी राहिलेला, जेवून आडवा झालेला माणूस... डॉक्टरांनी हृदयाचं कारण सांगितलं. रक्तदाबाच्या गोळ्या खिडकीत जशाच्या तशा पडल्या होत्या. कार्यक्रमाला निघताना वायरी, बॅटऱ्या, जास्तीच्या तारा हा माणूस कधी विसरला नाही, आणि स्वतःची एक गोळी त्याच्या लक्षात राहत नव्हती. मी त्याच्यावरही चिडलेली आहे. गेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात. का रागवू नये, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

चाचांचं क्लॅरिनेट ही आमच्या पार्टीची ओळख होती. मी कडवं संपवून श्वास घ्यायचा आणि तिथूनच चाचांनी सूर उचलायचा. ऐकणाऱ्याला सांधा कळायचा नाही. मग त्यांचा दमा वाढत गेला. वालूरच्या कार्यक्रमात दोन कडव्यांच्या मधे त्यांनी वाद्य ओठांना लावलं आणि फुंकच आली नाही, खोकला आला. मी घाईघाईने पुढचं कडवं धरलं. आम्ही परतीच्या जीपमध्ये बसलो. मग चाचाच म्हणाले, "मिलिंद, अब मेरेकू नक्को बुलाव बेटा. गाना खराब होरा." दादा खिडकीबाहेर बघत राहिला. मला वाटलं, त्याने ऐकलंच नाही.

त्यानंतर त्याच्या डोक्यात ते सिंथेसायझरचं शिरलं. तारा छेडायच्या गिटारच्या आणि आवाज निघायचा सनईचा, सारंगीचा, हवा तर क्लॅरिनेटचा, अशी पेटी मिळते म्हणे. रोज संध्याकाळी तो मला मोबाईलवर काहीबाही दाखवायचा. एक पेटी अशी होती की तिला साधी वायर जोडली तरी चालायचं, पण तिच्यातल्या आवाजांत चाचांसारखा एकही नव्हता. दुसऱ्या प्रकाराला लॅपटॉप लागायचा, आणि जनरेटरने जरा आचका दिला की आमच्या मंडपात लॅपटॉप कसा मान टाकतो ते आम्ही पाहिलं होतं. तिसऱ्या प्रकारात तारांखाली एक काळी पट्टी बसवायची. ती पिकअपची पट्टी सहाही तारा वेगवेगळ्या ऐकते आणि पेटीला सांगते. दादाचं मन तिच्यावर बसलं. हैदराबादच्या दुकानदाराने मात्र तोंडावर सांगितलं, की लाकडी गिटारचा नाद सोडा, हे सगळं इलेक्ट्रिकवर सोपं जातं. दादा म्हणाला, "माझं समदं गाणं ह्या लाकडावर हाय. हे ऱ्हाऊन ते पायजे." मामांनी घेऊन दिलेली ती गिटार होती. तिला स्क्रूचं एक भोकसुद्धा पाडायला तो तयार नव्हता.

मग सुरू झाला घोळ. तिच्यावरच्या तारा नेहमीच्या होत्या, बारीक दोन पोलादी आणि जाड चारांवर ब्राँझ गुंडाळलेलं. पट्टीला ऐकू येतं लोखंड. बारीक दोन तारा किंचाळायच्या आणि जाड चार नुसत्या पुटपुटायच्या. तारा बदलल्या, तर लाकडाचा आवाज उतरला. पट्टी आधी त्याने मधल्या भोकाशी लावली, ती लागते तारा जिच्यावर टेकतात त्या मागच्या घोडीला अगदी चिकटून. जाड तारांवर सूर उशिरा उमटायचा. "पुष्पे, ऐक, मी हात काढल्यावर ह्यो आवाज यायलाय," म्हणून तो हसायचा आणि सगळं पुन्हा बारीक तारांवर बसवायचा. भोक पाडायचं नाही म्हणून दुहेरी चिकटपट्टीने ती काळी पट्टी डकवली होती. पोखर्णीला जयंतीच्या उन्हात, तापलेल्या पत्र्याखाली, गाणं ऐन रंगात असताना डिंक वितळला आणि पट्टी सरकत सरकत खाली आली. क्लॅरिनेट मांजरासारखं ओरडलं. पोरं हसून लोळली. परभणीच्या एप्रिलचा विचार त्या डिंक करणाऱ्याने केलाच नव्हता. शेवटी दादाने लाकडाची एक लहानशी पकड घडवून घेतली, भोक न पाडता बसणारी, आणि तिच्यावर पट्टी कायमची स्थिरावली.

पेटी तयार झाल्यावर तो पहिल्यांदा चाचांकडे गेला. मी सोबत होते. त्याने चाचांचाच एक तुकडा वाजवला. माझ्या अंगावर काटा आला, इतका तो हुबेहूब होता. चाचा मान खाली घालून ऐकत होते. मला भीती वाटली, की आपण या म्हाताऱ्या माणसाचा अपमान तर करत नाही ना... संपल्यावर ते म्हणाले, "सूर सच्चा है. लेकिन तेरे बाजे कू फेफड़े नइं. आदमी बजाता तो बीच में दम लेता. तू लेताइच नइं." दादाने विचारलं, "मंग चाचा, दम कुटं घेयाचा ते कोन सांगंल?" चाचांनी मान वर केली. दादा म्हणाला, "तुमी सांगायचं. मंचावर बसून."

तिथून ती खुर्ची सुरू झाली. गावात पोचलं की दादा गिटारच्या पिशवीला हात लावायच्या आधी एक खुर्ची मागायचा आणि स्वतःच्या स्टुलाच्या उजव्या बाजूला स्वतः मांडायचा. वायरी नंतर. चाचा तिथे बसायचे. जिथे श्वास घ्यायचा तिथे त्यांची बोटं दादाच्या गुडघ्यावर टेकायची आणि दादा तारेवरून हात उचलायचा. तेवढ्या मोकळ्या जागेत लोकांना माणूस ऐकू यायचा. चाचांची फुंक गेली होती, पण त्यांचा दम आमच्या गाण्यात चालू होता. माझ्या मते ती पेटी दादाने विकत घेतली तेव्हा अर्धीच होती. उरलेली अर्धी त्या खुर्चीत बसायची.

राणीसावरगावच्या कार्यक्रमाला आयोजक मंडळाचे अध्यक्ष मंचावर आले आणि सगळ्यांसमोर चाचांना म्हणाले, "बाबा, तुमी खाली बसा. मशीन वाजायलीच की. पाव्हण्यांना खुर्च्या कमी पडायल्यात." चाचा लगेच उठले. मुकाट्याने उठले, याचाच मला आजही संताप येतो. दादाने गिटार पिशवीत घातली. अध्यक्ष हसत होते, त्यांना ती गंमत वाटली. दादा जीपकडे चालायला लागला तसा मंडळाच्या माणसाने पेनड्राइव्ह लावला आणि आमचीच गाणी, दुसऱ्याच कुणाच्या आवाजात, भिंतीएवढ्या स्पीकरमधून सुरू झाली. आम्ही होतो का नव्हतो, कुणाला फरक पडला नाही. जीपमध्ये दादा एकच वाक्य बोलला, "चाचांनी पुन्यांदा 'मला बोलवू नको' म्हणू नये, एवढंच." तो आमचा शेवटचा कार्यक्रम.

आणि शोकसभेत पहिला हार घालायला कोण, तर तेच अध्यक्ष. माईक हातात धरून ते म्हणाले, की मिलिंद म्हणजे कमाल होती, एकटा माणूस आणि सगळी वाद्यं, त्याला कुणाची गरजच नव्हती. टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. चाचा मागे, चपलांजवळ उभे होते. मी उठून माईक मागितला तर वेळ संपलाय म्हणाले. मग परवा त्यांचाच फोन आला. येत्या जयंतीला पार्टी पाहिजे. "मशीन तुमच्याकडंच हाय ना? वाजवणारा आमी बघतो. फकस्त त्या म्हाताऱ्याला आनू नका." मी म्हटलं, "आधी चाचांची खुर्ची लागंल, मग माझा आवाज निघंल." पलीकडून फोन ठेवला गेला. ठेवू द्या. मी जे बोलले ते त्यांच्या मंचावर उभी राहूनही बोलेन.

गेल्या रविवारी चाचा दादाच्या घरी आले. आतल्या खोलीत त्याचं स्टूल होतं, पुढ्यात पेटी, भिंतीला टेकवलेली गिटार. वहिनी त्यांना आत या म्हणाली, तरी ते दारातच थांबले. मला कळेना. मग दिसलं, की स्टुलाच्या उजवीकडची, सरावाला चाचा बसायचे ती जागा रिकामी होती. दादाच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला आलेल्या लोकांसाठी वहिनीने तिथली खुर्ची ओसरीवर नेली होती. मी ती ओढत आणली आणि जागेवर ठेवली. चाचा येऊन बसले. मी स्टुलावर बसले, गिटार मांडीवर घेतली. मला ती वाजवता येत नाही. वहिनीने पेटीचं बटण दाबलं. मी सगळ्यात बारीक तार छेडली आणि खोलीत क्लॅरिनेट बोललं. ते विरायच्या आत मी पुन्हा छेडली, आणि पुन्हा... डोळ्यांपुढे ते बॅनर, तो अध्यक्ष, खिडकीतल्या त्या गोळ्या. माझा हात थांबतच नव्हता.

तेवढ्यात गुडघ्यावर चार बोटं टेकली.

"दम ले, बेटी," चाचा म्हणाले.

मी तारेवरून हात उचलला.