आमची धाकटी हरणार

व्हिडिओ गेमच्या सामन्याआधी स्टुडिओत बसून कोण जिंकणार ते सांगायचं, ही ताईची नोकरी. पडद्यावर दोन खेळाडू सैन्यं उभारतात, एकमेकांचे किल्ले पाडतात, आणि बहुतेक वेळा ताई म्हणाली तसंच होतं. चुकायची ती फक्त सख्ख्या बहिणीच्या बाबतीत. दर वेळी ठणकावून सांगायची, "आमची धाकटी हरणार," आणि धाकटी जिंकायची. लोक म्हणायचे, दिव्याखाली अंधार! म्हणोत बापडे. 'तुला जमणार नाही' असं चिडवल्याशिवाय त्या पोरीने लहानपणी चपलेचा बंदसुद्धा लावला नव्हता, हे लोकांना काय ठाऊक?

आज सकाळी मात्र ताईने तिचा सराव पाहिला. एरवी विजेसारखा चालणारा हात प्रत्येक चालीआधी अडखळत होता. आता चिडवून काही उपयोग नव्हता. हरायचंच आहे, तर निदान बहिणीच्या तोंडून एक चांगला शब्द ऐकून हरू दे, असं ताईला वाटलं.

"आज आमची धाकटी जिंकणार," ती कॅमेऱ्याकडे बघत म्हणाली. शेजारचा निवेदक चाटच पडला.

कार्यक्रम संपवून ताई बाहेर आली, तर दारात धाकटी उभी. हेडफोन गळ्यात, चेहरा उतरलेला. सामना सुरू व्हायला थोडाच वेळ उरला होता.

"ताई," तिने ताईचा हात घट्ट धरला, "हरणार म्हण ना गं."