लख्ख टब

थोरलीच्या फरशीत तोंड दिसे आणि त्याचा तिला भारी तोरा होता. धाकटी जाऊ म्हणजे नुसता पसारा. त्यामुळे समुद्रावरच्या प्रयोगशाळेत दोघी एकदमच कामाला लागल्या, तेव्हा कोण टिकणार हे सांगायला ज्योतिषी नको, असं थोरलीला वाटलं. महिनाअखेर एकीलाच कायम करणार होते.

काम असं, की समुद्राच्या तळाचा गाळ चाळायचा आणि त्यातले तांदळाएवढे जीव, कोळंबीची दूरची भावंडंच ती, टबात जगवायचे. बंदरातला गाळ विषारी आहे का, हे पुढे त्यांच्यावरूनच कळे.

थोरलीचे जीव मरत. धाकटीच्या टबात मात्र सदा लगबग.

"काय गं, मंतरून ठेवतेस की काय त्यांना?"

"छे हो जाऊबाई!" धाकटी हसली. "माझ्यासारखेच आहेत, पसाऱ्यात खूश."

थोरलीला ते हसणं झोंबे. त्यात तिची स्वतःची लेक शाळा सुटली की धावत येऊन आधी काकूच्या गळ्यात पडे. काकूच्या टबातल्या एका तुटक्या पायाच्या जीवाचं नावही तिनं ठेवलं होतं, लंगडी.

एका दुपारी धाकटी जेवायला गेली आणि थोरलीनं डाव साधला. आपला टब साबणानं घासून लख्ख केला, त्यात धाकटीचे सगळे जीव ओतले आणि आपले मेलेले तिच्या टबात ढकलले.

सकाळी पाहते तर चोरलेलेही उताणे पडलेले! लंगडीसुद्धा.

धाकटी शेजारी येऊन उभी राहिली. तिनं पाण्यात बोट बुडवून वास घेतला.

"साबण लावता, जाऊबाई?"

"मग काय, घाण ठेवू?"

"अहो, तळाची झाडलोट हेच तर करतात. मेलेलं, कुजलेलं खातात, गाळ उकरून हवा खेळवतात. वर माशांची पोटंही यांच्यावरच भरतात. यांना कसला साबण?" लंगडीकडे बघत ती हळूच म्हणाली, "ही माझ्याकडची ना?"

थोरलीची मान खाली गेली. तेवढ्यात शाळेत जाता जाता लेक आलीच.

"काकू, लंगडी कुठंय?"

"गेली गं समुद्रात परत," धाकटी म्हणाली. "घरची आठवण आली तिला."

लेकीला ते पटलं. थोरलीला मात्र वाटलं, पोरगी आधीच तिची, आता हा मोठेपणाही तिचाच.

धाकटीनं पुन्हा गाळ चाळला, नवे जीव जगवले आणि तीच कायम झाली. "बरं झालं हो," थोरली म्हणाली आणि घरी येऊन लख्ख फरशी पुन्हा घासायला बसली.